तोंड नसलेली कोठी

राग आला की मी वायरी गुंडाळायला बसतो. आमच्या घरामागच्या गोदामात वायरींना तोटा नाही. अब्बांचा साउंड सर्व्हिसचा धंदा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात राहून हा धंदा करायचा म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांमागे गावोगाव हिंडायचं आणि उरलेलं वर्ष लग्नं, मिरवणुका आणि जळालेले भोंगे दुरुस्त करण्यात काढायचं. त्याच गोदामाच्या एका कोपऱ्यात माझं टेबल आहे. पुण्यातली नोकरी सोडून परत आलो तेव्हापासून मी तिथे बसून कोड लिहितो. एका अंगाला संगणक, दुसऱ्या अंगाला माणसाएवढे स्पीकरचे खोके. ज्या पावसाळ्याची ही हकिकत आहे, त्या पावसाळ्यात मी गोदामातली एकूण एक वायर गुंडाळून ठेवली. शेवटी अब्बा म्हणाले, "अब क्या मेरी दाढ़ी भी लपेटेगा?"

अब्बांना खरं काय झालं ते मी बरेच दिवस सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटत होती, कारण ज्या गोष्टीत माझा गळा कापला गेला ती मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

त्यांचा एक नेम आहे. झाडीपट्टीच्या नाटकात पडद्यामागे एक माइक असतो, आतून आवाज द्यायला, देवाची वाणी वगैरे ऐकवायला. कलावंत तिथेच कपडे बदलतात, चहा पितात, घरच्या गोष्टी बोलतात. अंक संपला की अब्बा त्या माइकचं बटन बंद करतात, आणि एवढ्यावर न थांबता वायरही उपसून काढतात. मग ती वायर हातात धरून आत दाखवतात. "बाई, वायर काढली, हे पाहा." ती वायर डोळ्यांनी पाहिल्यावरच आतल्या बाया मोकळं बोलायला लागतात. दुसऱ्या साउंडवाल्यांना हा चाळा वाटतो. ते अब्बांना हसतात.

याच्यामागे एक जुना प्रसंग आहे. सिंदेवाहीकडच्या एका गावात नाटक होतं. मधल्या वेळेत नायिकेचं काम करणारी बाई आपल्या मैत्रिणीपाशी रडत होती, नवऱ्याने काय काय केलं ते सांगत होती. माइकचं बटन बंद होतं. पण आतून ते बिघडलेलं होतं, आणि सगळं मैदान ऐकत होतं. काही जण हसलेसुद्धा. त्या बाईला पुढच्या अंकात त्याच लोकांसमोर उभं राहून गाणं म्हणावं लागलं, आणि तिने ते म्हटलं. जाताना अब्बांना ती एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अब्बा अजून म्हणतात. तेव्हापासून बटनावर त्यांचा भरोसा नाही.

आता माझ्या दोस्ताबद्दल सांगतो. चंद्रपूरच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो, पुढे पुण्यातही नोकरीला सोबतच होतो. तो नागभीडकडच्या एका तलावाकाठच्या गावचा. घरी मासेमारी. त्याची आई बाजाराच्या दिवशी वडशाला मासे विकायला यायची आणि रिकामी टोपली आमच्या गोदामात ठेवून पुढची कामं उरकायची. अम्मी नाक मुरडायची, वासाच्या नावाने ओरडायची, आणि मग तिलाच चहा करून द्यायची. ईदला त्याचा शीरखुर्म्याचा वाटा वेगळा काढलेला असायचा. आम्हाला भाऊ म्हणायची गरज पडली नाही. लोकच म्हणत.

आम्ही दोघांनी मिळून कोठी लिहिली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कामाचं ते एक अवजार आहे. आजकाल कोणीही सगळा कोड स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी करून ठेवलेले तयार तुकडे इंटरनेटवरून आणायचे आणि आपल्या कामात जोडायचे, अशी पद्धत आहे. पुण्यात ते चुटकीसरशी होतं. आमच्याकडे वादळ आलं की टॉवर बंद, वीज गेली की टॉवर बंद, आणि कधी नुसतीच लहर आली म्हणून बंद. म्हणून आम्ही असं अवजार केलं की नेट असेल तेव्हा लागणारे तुकडे एकदा आणून ठेवायचे आणि मग खोलीतल्या सगळ्या मशीनांनी तिथूनच घ्यायचे. घरात धान्याची कोठी भरून ठेवतात तसं, म्हणून कोठी. फुकट ठेवली होती, कोणीही घ्यावी. आणि पहिल्या पानावर आम्ही मराठीत एक ओळ लिहिली होती: कोठी कोणालाही काही सांगत नाही. ही ओळ माझी होती. अब्बांच्या हातातली वायर मनात ठेवूनच ती लिहिली होती.

ही ओळ लिहिण्याला कारण होतं. आमच्या धंद्यात अवजारं फार बोलघेवडी झाली आहेत. तुम्ही कोड लिहायला बसलात की ज्यात तो लिहिता तो एडिटर, तुमचं हे, तुमचं ते, सगळे आपापल्या मालकाला कळवत असतात: आता हा बसला, आता याने ही आज्ञा दिली, आता हा अडला. नाव काय, तर सुधारणा. नको असेल तर बंद करायचं बटन कुठेतरी खोल ठेवलेलं असतं. गंमत अशी की दुसऱ्यांच्या वेबसाइटवरच्या पाळतीविरुद्ध तावातावाने बोलणारे आम्ही प्रोग्रामर स्वतःच्या अवजारांना मात्र काही विचारत नाही.

कुरखेड्याच्या पुढे, जंगलातल्या एका गावात ग्रामसभेने एक खोली बांधली होती. गावातली एक मुलगी गडचिरोलीला शिकून परत आली होती आणि तिला तिथे मुलींना प्रोग्रामिंग शिकवायचं होतं. गाव तिला थट्टेने मास्तरीण म्हणायचं, आणि ती चिडायची नाही. जुनी मशीनं आम्ही जमवून नेली. पण त्या गावात ग्रामसभेला विचारल्याशिवाय बाहेरची वस्तू आत येत नाही. त्यामुळे मी आणि माझा दोस्त गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, जाऊन सगळ्यांसमोर बसलो.

बरंच बोलणं झाल्यावर एका म्हातारीने विचारलं, "हे मशीन कोणाले काई सांगते काय?"

या प्रश्नाचं वजन बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्या भागात 'काल संध्याकाळी तू कुठे होतास, कोणासोबत होतास' हा प्रश्न गप्पांमध्ये कोणी विचारत नाही. तो जंगलात राहणाऱ्या बंदूकवाल्यांनी विचारलेला आहे, आणि त्यांना शोधत आलेल्या बंदूकवाल्यांनीही. कोणीतरी कुठेतरी नाव घेतलं एवढ्यावरून त्या म्हातारीच्या भावाला घरातून नेलं होतं. तो परत आला, पण नीट परत आला नाही. आता रस्ते झाले, दिवस बरेच निवळले, तरी आपलं नाव आपल्यामागे कुठे फिरतंय याची धास्ती माणसांच्या अंगातून गेलेली नाही.

मी म्हणालो, "नाई सांगत, माय. त्याले तोंडच नाई."

माझा दोस्त शेजारीच बसला होता. त्याने मान हलवली आणि वर म्हणाला, "भाऊ बरोबर सांगून राह्यला. आम्हीच बनवलं हाये ते."

म्हातारीने आमच्या दोघांकडे पाहिलं. मग सभेने हो म्हटलं.

त्याच दिवशी मशीनांची नावं ठेवली. त्या गावची एक रीत आहे. वस्तू सगळ्यांची असली की ती कोणा एकाच्या नावावर लावतात, म्हणजे बिघडली तर कोणाला विचारायचं ते ठरलेलं असतं. गावचं मोठं भांडं एकाच्या नावाचं, बोअरिंगचा पंप दुसऱ्याच्या. मास्तरणीने मशीनांनाही तेच लावलं. एकेका मुलीच्या नावाने एकेक मशीन, आणि एकाच नावाच्या दोघी असल्या तर पुढे टोल्याचं नाव, म्हणजे वस्तीचं. दोस्तानेच कीबोर्ड पुढे ओढून ती नावं टाइप केली. प्रत्येक मुलीला तो विचारायचा, "तुयं नाव बरोबर लिवलं ना?" आणि मुली लाजून हसायच्या. मी ते दृश्य दारात उभा राहून पाहिलं आहे.

पुढे वर्षभर सगळं बरं चाललं. दोस्त पुण्यातच राहिला, मी वडशात. तो कोठीत काही दुरुस्त करायचा, मी काही करायचो, आणि नेट आलं की गावातली मशीनं नवी आवृत्ती आपोआप घ्यायची. एकमेकांचं काम आम्ही तपासत नसू. रीत म्हणून तपासायला हवं होतं, पण ताटात आईने काय वाढलं हे कोणी हुंगून पाहत नाही.

मग पावसाळ्यात मास्तरणीचा फोन आला. ती गावाबाहेरच्या टेकडीवर चढून बोलत होती, कारण गावात टॉवर बंद होता.

"सर, कोठी विचार करून राह्यली."

"म्हणजे?"

"चालू केली का बसते तशीच. काईच करत नाई. मंग मनात आलं का चालते. आधी अशी नोती करत."

मी म्हणालो, मशीन जुनं झालं असेल.

"सगळेच एकदम कसे जुने होतीन, सर? टावर राह्यला का नाई थांबत. टावर गेला का थांबते." मग म्हणाली, "कोणाची तरी वाट पाहून राह्यली ती."

मला हसू आलं. कोठी कोणाची वाट पाहणार? नेट नसतानाच उपयोगी पडावी म्हणून तर तिचा जन्म. तरी फोन ठेवल्यावर मी कोड उघडला, आणि मागच्या काही महिन्यांत काय काय बदललं ते पहिल्यांदा ओळ न ओळ वाचत बसलो. एका बदलाला दोस्ताने नाव दिलं होतं 'किरकोळ दुरुस्ती'. त्या किरकोळ दुरुस्तीत कोठीला तोंड दिलेलं होतं.

कोठी सुरू झाली की ती आधी एका पत्त्यावर निरोप पाठवत होती. कोणती आज्ञा दिली, किती वाजता दिली, कामाच्या फोल्डरचं नाव काय, मशीनचं नाव काय. कुठल्या भागातून निरोप आला हे तर तो घेणाऱ्याला आपोआप कळतं. आणि उत्तर येईपर्यंत ती थांबत होती. पुण्यात बसून लिहिणाऱ्याला हे थांबणं कधी जाणवलं नसतं, तिथे उत्तर पापणी लवायच्या आत येतं. टॉवर बंद पडलेल्या गावात मात्र कोठी दारात बसून न येणाऱ्या पाहुण्याची वाट पाहत होती. ज्या गावासाठी तिला जन्म दिला ते गाव तो विसरला होता, आणि त्या विसरण्यामुळेच पकडला गेला.

मी फोन लावला. आवाज चढवायचा नाही असं ठरवून लावला, आणि पहिल्याच वाक्याला चढला.

"हे काय हाये बे?"

"कोणतं? अबे, ते? ते निस्ती मोजणी हाये. किती जण वापरून राह्यले, कुठी अडते, बस."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगणारच होतो."

"कधी?"

तो म्हणाला, "तू नाई म्हणला असता."

हे एक वाक्य मला अजून पचलेलं नाही. माझं उत्तर त्याला पाठ होतं. न विचारताच त्याला ते ऐकू आलं होतं, आणि ते ऐकू आलं म्हणूनच त्याने विचारलं नाही. बेसावधपणे झालं असतं तर मी दोन शिव्या देऊन विसरलो असतो. हा माणूस माझा नकार खिशात घालून महिनोन्महिने माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता. ईदला मला व्हिडिओवर शीरखुर्मा दाखव म्हणत होता.

मग सगळं बाहेर आलं. एका मोठ्या कंपनीला कोठी आपल्या कामात घ्यायची होती, आणि कोठीबरोबर त्यालाही. तिच्या लोकांनी विचारलं, वापरतं कोण, कुठे, कितीदा? त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं, कारण आम्ही कधी मोजलंच नव्हतं. म्हणून त्याने मोजायला सुरुवात केली, आणि येणारे निरोप थेट त्यांच्याकडे वळवले.

"सगळेच करतेत," तो म्हणाला. "तू ज्याच्यावर कोड लिहितं तो एडिटर का कमी सांगते? आन् मोजल्याशिवाय सुधराचं कसं? कोण कुठी अडून राह्यला ते कसं समजन?"

या मुद्द्यात काहीच नाही असं मी म्हणणार नाही. मोजणं हे पाप नव्हे. अब्बासुद्धा नाटक सुरू झालं की मैदानाच्या शेवटच्या टोकाला चालत जातात आणि तिथे घोंगडी पांघरून बसलेल्या एखाद्या म्हातारीपाशी वाकून विचारतात, "ऐकू येते काय, माय?" ती हो म्हणते, नाई म्हणते, कधी नुसतं हाकलून लावते. आवाज पोचतो की नाही हे कळायला याहून चांगला उपाय त्यांना माहीत नाही. तिच्या घोंगडीखाली माइक लपवायचं त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. मी हे दोस्ताला सांगितलं. तो म्हणाला, "अब्बाचं सोड. हजारो लोकायले काय जाऊ जाऊ विचारू?"

आणि मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "नाव-गाव काईच नाई जात बे त्याच्यात. निस्तं मशीनचं नाव जाते."

त्याचं त्यालाच कळावं म्हणून थांबलो. मागे त्याच्या ऑफिसातला आवाज ऐकू येत होता.

"तुयं नाव बरोबर लिवलं ना," मी म्हणालो. "आठवते?"

"अबे," तो म्हणाला. नंतर पुन्हा, "अबे यार."

त्या खोलीतल्या प्रत्येक मुलीचं नाव, कोणत्या टोल्यावरची ते, ती कधी येऊन बसली आणि काय करत होती ते, एका अनोळखी कंपनीकडे जाऊन पडलं होतं. त्याच्याच बोटांनी टाइप केलेली नावं. मी त्याला म्हणालो, काहीही कर, तिथून पुसून घे. त्याने प्रयत्न केला, हे मला मान्य आहे. आठवड्याभराने त्याने कळवलं. कंपनीचं म्हणणं असं की या माहितीत कोणाची ओळख पटेल असं काही नाही, त्यामुळे पुसण्यासारखंही काही नाही. शिवाय ती माहिती त्यांच्या इतर माहितीत केव्हाच मिसळली आहे. म्हणजे पिठात पडलेलं मीठ. दोस्ताने पुढे लिहिलं होतं: तुझ्या समाधानासाठी नव्या आवृत्तीत बटन देतो, ज्याला नको त्याने बंद करावं.

तो निरोप वाचून मात्र मी अब्बांना सगळं सांगितलं. ते भोंग्याचा स्क्रू पिळत होते. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "बटन दिया है?" मी हो म्हटलं. ते उठले, हात धुतले आणि चहा पिऊन येतो म्हणून बाहेर गेले. परतले आणि उरलेले स्क्रू पिळायला बसले.

बाजाराच्या दिवशी दोस्ताची आई टोपली ठेवायला आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "पोरा, तू त्याचा फोन काऊन नाई उचलत? तुमचं काई झालं काय?" मी म्हणालो, "काई नाई, माय. इथी रेंज नाई राहत." तिला ते पटलं नाही. आमच्या गोदामात रेंज कशी असते हे तिला माहीत आहे. तिथूनच तर ती त्याच्याशी बोलते. तरी तिने टोपलीत तळाशी जपून ठेवलेला मरळ मासा काढला आणि अम्मीच्या हातात दिला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिच्यावर माझा राग नव्हता, आणि तिच्या मुलावरचा राग तिच्यासमोर मला कुठे ठेवावा ते कळेना.

मास्तरणीला झालेलं सगळं मी आधी फोनवर कळवलं. मग कोठीतलं ते तोंड आलं त्याच्या आधीची आवृत्ती मी बाजूला काढली आणि ती घेऊन गावात गेलो. मोटारसायकलने जाताना रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. गोटुलात पोचेपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही. मी सरळ सांगितलं की मशीन बोलत होतं, पोरींची नावं बाहेर गेली, आणि मला ती परत आणता येत नाहीत.

कोणी आरडाओरडा केला नाही. गोंडीत आपसात बोलणं झालं, ते मला कळलं नाही. मास्तरीण खाली पाहत होती. मग ती म्हातारी माझ्याकडे वळली.

"तोंड नाई म्हणलं होतं तू."

"हो, माय. मले माहीत नोतं."

"तो बाजूचा?"

"त्याले माहीत होतं."

"तो काऊन नाई आला?"

मी त्याला ये म्हटलंच नव्हतं. आणि मनातल्या मनात वाट मात्र पाहिली होती. रस्त्यात मागून गाडीचा आवाज आला की आरशात बघत होतो. गाढव मी. अजून मला वाटत होतं की तो पुण्याहून रात्रीच्या गाडीने येईल, शेजारी बसेल आणि म्हणेल, चूक माझी.

सभेचं ठरायला वेळ लागला नाही. खोली चालू राहील. नवी आवृत्ती नको, जुनीच बरी. नेटचा डबा मास्तरणीच्या घरी, पेटीत राहील. लागेल तेव्हा चार जणींसमोर जोडायचा आणि काम झालं की वायर काढून पुन्हा पेटीत ठेवायचा. अब्बांचं नाव मी तिथे घेतलंही नव्हतं. मग म्हातारी मला म्हणाली, "तू येत जा. चहा पी. पोरीयले शिकव. पण दुसऱ्याकरता बोलू नको आता. आपल्यापुरतं बोल."

यापेक्षा त्यांनी मला गावाबाहेर काढलं असतं तरी चाललं असतं. मी आयुष्यात एकाच माणसाकरता छातीठोक बोललो होतो; 'तोंडच नाई' म्हणताना दोस्ताच्या हाताचीही हमी दिली होती.

पाणी पडत होतं म्हणून लगेच निघता येईना. मास्तरीण म्हणाली, तोवर जुनी कोठी चढवून घेऊ. खोलीत गेलो. मुली आल्या नव्हत्या. तिने एकेक मशीन सुरू केलं, मी खुर्ची ओढून पहिल्यासमोर बसलो, आणि वर कोपऱ्यात जिथे मुलीचं नाव असायचं तिथे माझं नाव होतं. पूर्ण, आडनावासकट. मी शेजारच्या मशीनकडे पाहिलं. तिथेही माझंच. पलीकडेही माझंच. खोलीतल्या प्रत्येक मशीनला तिने माझं नाव दिलं होतं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकी लावत होती, पाणी आत येत होतं.

"बिघडलं तर कोणाले विचाराचं," ती म्हणाली, "ते ठरलं पाह्यजे ना, सर."